डायनोसॉरच्या अंगणात, पोराबाळांसकट

लाँग वीकेंड जवळ आला की नागपुरातल्या ऑफिसांत कॉफी मशीनपाशी एकच प्रश्न ऐकू येतो, ‘ताडोबा मिळालं का?’ मिळालं म्हणजे सफारीचं बुकिंग. ज्यांना मिळतं ते कॉलर ताठ करून फिरतात, ज्यांना मिळत नाही ते चिखलदऱ्याकडे नाहीतर पचमढीकडे गाडी वळवतात. माझं ताडोबाशी काही वाकडं नाही. वाघ दिसला की माझ्याही अंगावर काटा येतो. पण पाच-सात वर्षांच्या पोरांना घेऊन जिप्सीत बसलाय कधी? खाली उतरायचं नाही, जोरात बोलायचं नाही, वेफर्सचं पाकीट वाजवायचं नाही, तेही तीन-चार तास! वाघ मोठ्यांच्या वाट्याला आणि पोरांच्या वाट्याला नुसतं ‘शूऽऽ’.

पोरांना पाय असतात आणि ते वापरायचे असतात. म्हणून गेल्या डिसेंबरात आम्ही ठरवलं, जंगलच हवं, पण जिथे खाली उतरून चालता येईल, दगडावर बसता येईल, मोठ्याने ओरडता येईल असं. आमची गँग अशी : मी, नवरा, दीर, जाऊबाई, सासरे आणि तीन पोरं. माझी लेक सात वर्षांची, पुतण्या अकराचा आणि पुतणी पाचाची. लेकीला डायनोसॉरचं वेड. ‘टायरॅनोसॉरस’ ती अस्खलित म्हणते आणि ‘ज्ञानेश्वर’ म्हणताना अडखळते, एवढ्यावरून काय ते समजा!

नागपूरच्या रमण सायन्स सेंटरमधले डायनोसॉर तिने इतक्या वेळा पाहिलेत की आता ते घरचेच वाटतात. पण खरे? खऱ्यांसाठी अमेरिकेतल्या वाळवंटात जावं लागतं, असं तिला (आणि खरं सांगायचं तर ऑफिसातल्या निम्म्या लोकांनाही) वाटतं. अहो, आपल्या गडचिरोली जिल्ह्यात, सिरोंच्याजवळ वडधम नावाचं गाव आहे. तिथे वनविभागाने जीवाश्म पार्क जपलंय. दगड झालेल्या झाडांची खोडं तिथे उघड्यावर पडलेली आहेत. वय साधारण १६ ते १८ कोटी वर्षं. ज्युरासिक पार्क म्हणतात ते हेच, फक्त तिकिटाच्या रांगेशिवाय आणि पॉपकॉर्नशिवाय.

‘गडचिरोली? पोरांना घेऊन?’

बाबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, पहिली प्रतिक्रिया हीच. ‘काऊन बा, दुसरी जागा नाही का?’ त्यांचा सगळा जन्म कोळशाच्या खाणीत गेलेला, त्यामुळे चंद्रपूरपर्यंतचा मुलूख पाठ. त्याच्या पुढचं नाव काढलं की मात्र चेहरा बदलतो. नागपुरातल्या बहुतेक घरांत हेच होतं.

त्यांची भीती हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. चाळीसेक वर्षं हा जिल्हा पेपरात आला तो बहुतेक वेळा चकमकीच्या बातमीतूनच. आता चित्र बरंच बदललंय. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा मोठा नेता भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला, ही बातमी बाबांनीच आम्हाला मोठ्याने वाचून दाखवली होती. तरी आम्ही नियम केला : प्रवास फक्त उजेडात, मुख्य रस्ता सोडायचा नाही आणि निघायच्या आदल्या दिवशी तिथल्या वनविभागाच्या ऑफिसला फोन. बातम्या पाहून घाबरायचं नाही आणि बातम्या पाहून बिनधास्तही व्हायचं नाही.

माझ्या डोक्यात खरा भुंगा होता तो वेगळाच. पुतण्याला दमा आहे. सिरोंच्याहून गडचिरोलीचं जिल्हा रुग्णालय दोनशे किलोमीटरहून लांब. सिरोंच्यात ग्रामीण रुग्णालय आहे, पण गंभीर काही झालं तर तिथले लोक नदी ओलांडून तेलंगणात मंचेरियालला, नाहीतर त्याही पुढे करीमनगर-वारंगळला जातात. म्हणजे आपण ज्याला ‘इमर्जन्सी’ म्हणतो तिची व्याख्याच इथे वेगळी. शहरात दोन सिग्नल पलीकडे बालरोगतज्ज्ञ असतो, त्या हिशेबाने इथे निघताच येत नाही. जाऊबाईने सरळ सांगितलं, डॉक्टर हो म्हणाले तरच. डॉक्टर हो म्हणाले, पण अटी घालून : दोन इनहेलर, दोन वेगवेगळ्या बॅगांमध्ये. स्पेसर सोबत. आणि कसं वापरायचं ते फक्त आईलाच नव्हे, पाचही मोठ्यांना आलं पाहिजे. एका रविवारी दुपारी आम्ही सगळ्यांनी त्याची प्रॅक्टिस केली. पुतण्या परीक्षक! बाबांना त्याने तीनदा नापास केलं.

दुसरी गोष्ट मलेरिया. गडचिरोलीत मलेरियाचे बरेच रुग्ण सापडतात. त्यामुळे पूर्ण बाह्यांचे कपडे, संध्याकाळी मोजे, डास पळवणारं क्रीम आणि स्वतःची मच्छरदाणी. लॉजवर मिळेल म्हणून भरवसा ठेवू नका. परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत कुणालाही ताप आला तर डॉक्टरला ‘आम्ही गडचिरोलीला जाऊन आलोय’ हे पहिलं वाक्य सांगायचं. हे वाक्य औषधाइतकंच महत्त्वाचं आहे.

तिसरं ऊन. चंद्रपूरचा मे महिना म्हणजे काय हे विदर्भाबाहेरच्यांना सांगून कळत नाही. पारा ४६-४७ वर गेला की तिथे कुणी त्याला बातमीही म्हणत नाही. सिरोंचा त्याच्याही दक्षिणेला. उघड्या दगडावर तर ऊन वरून लागतं आणि खालूनही लागतं. पोरांना घेऊन जायचं तर डिसेंबर-जानेवारी, फार तर फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. ‘उन्हाळ्याच्या सुटीत जाऊ’ असा विचार असेल तर तो इथेच सोडा.

वरोऱ्याचा चहा आणि सात कोटी वर्षांचं शेण

नागपूर ते सिरोंचा साडेतीनशे किलोमीटरच्या वर आहे. गुगलबाबा जे तास सांगतो त्यात सू-सू ब्रेक, उलटीचा ब्रेक आणि ‘माकड बघू’ ब्रेक धरलेला नसतो. एका दिवसात जायचं म्हणजे पोरांवर अत्याचार. आम्ही मध्ये आलापल्लीला मुक्काम केला.

पहिला थांबा वरोरा. सगळे आनंदवनासाठी थांबतात आणि थांबावंच. पण पोरांना वरोऱ्याची दुसरी गोष्ट सांगा. याच तालुक्यात पिसदुरा नावाचं गाव आहे. नागपूरचे मिशनरी आणि हौशी भूगर्भशास्त्रज्ञ स्टीफन हिस्लॉप (हो, हिस्लॉप कॉलेजवालेच) यांनी एकोणिसाव्या शतकात तिथून डायनोसॉरची हाडं गोळा केली होती. हाडांपेक्षा भारी गोष्ट पुढे सापडली. दगड झालेली विष्ठा! २००५ मध्ये ‘सायन्स’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात भारतीय आणि परदेशी शास्त्रज्ञांचा लेख आला. पिसदुऱ्याच्या त्या विष्ठेत त्यांना गवताचे सूक्ष्म अवशेष सापडले होते. तोवर समज असा होता की डायनोसॉर संपल्यानंतरच गवत पसरलं. वरोऱ्याच्या शेणाने पाठ्यपुस्तकातली ओळ बदलली!

चहाच्या टपरीवर ही गोष्ट सांगून झाल्यावर पुढचे पन्नास किलोमीटर गाडीत दुसरा विषय नव्हता. पाच वर्षांच्या पुतणीला तर अख्ख्या ट्रिपमधली हीच गोष्ट सगळ्यात आवडली. (पिसदुऱ्याला मात्र उगाच जाऊ नका. तिथे पार्क वगैरे नाही, लोकांची शेतं आहेत.)

चंद्रपूर मागे पडलं तसे बाबा खुलले. खाणीत कोळशासोबत निघालेल्या पाटीवर पानांचे ठसे त्यांनी कितीतरी वेळा पाहिलेत. ‘आम्ही फेकून द्यायचो,’ म्हणाले. ती पानं तर वडधमच्या झाडांपेक्षाही जुनी. आणि मग त्यांनीच पोरांना विचारलं, गोंडवन हे नाव कुठून आलं? ज्या अजस्र दक्षिण खंडातून आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका आणि आपण वेगळे झालो, त्याला जगभरचे शास्त्रज्ञ गोंडवन म्हणतात ते याच गोंडांच्या मुलखावरून. अकरा वर्षांच्या पोराने टॅब खाली ठेवला. ही नोंद मी मुद्दाम करतेय, कारण असं घरी घडत नाही.

आलापल्लीला सकाळी ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ पाहिलं. उंचच उंच जुने सागवान राखून ठेवलेला जंगलाचा तुकडा, २०१४ साली जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झालेला. खोडाला तिन्ही पोरांनी हाताची साखळी करून मिठी मारली. दगडाची झाडं बघण्याआधी जिवंत झाड असं कवेत घेऊन बघणं फार उपयोगी पडलं, ते दुसऱ्या दिवशी कळलं.

आलापल्ली-सिरोंचा हा पट्टा मात्र सबुरीचा. रस्त्याची अवस्था निघण्याआधी कुणा ड्रायव्हरला विचारून घ्या. नेटवर्क येतं-जातं, म्हणून नकाशा आधीच डाउनलोड करा आणि पेट्रोल अर्ध्याखाली जाऊ देऊ नका.

चौदा मीटर सुतळी

आता मुद्द्याचं. पोरांना जीवाश्म दाखवणं सोपं नसतं. तुम्हाला सोळा-सतरा कोटी वर्षं ऐकून गहिवरून येतं, पोराला समोर एक दगड दिसतो. ‘हा तर दगड आहे!’ आणि ते बरोबरच असतं. तेव्हा तयारी घरूनच करायची.

सिरोंच्याच्या परिसरात, पोचमपल्लीजवळ, १९६० च्या सुमारास कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांना हाडांचा खजिनाच सापडला. एकट्या मांडीच्या हाडाची लांबी साधारण १.७ मीटर! एवढा मोठा पाय म्हणून नाव ठेवलं बारापासॉरस, म्हणजे ‘बडा पा’वाला. पुढचं नाव टागोरी, कारण १९६१ हे रवींद्रनाथांचं जन्मशताब्दी वर्ष होतं. १९७५ मध्ये हे नाव शास्त्रात रीतसर नोंदलं गेलं. त्याची पूर्ण लांबी सुमारे १४ मीटर धरतात, म्हणजे आपल्या एसटीपेक्षा लांब.

आम्ही निघण्याआधी चौदा मीटर सुतळी मोजून कापली आणि १.७ मीटरवर एक गाठ मारली. खर्च काहीच नाही. वडधमला पोहोचल्यावर मोकळ्या जागेत ती ताणली. एका टोकाला लेक डोकं म्हणून, दुसऱ्या टोकाला पुतणी शेपूट म्हणून. मग गाठीपर्यंतची सुतळी नवऱ्याच्या शेजारी उभी धरली. त्याच्या टाचेपासून टाळूपर्यंत नुसतं मांडीचं हाड! त्या क्षणी पोरांच्या तोंडून जो आवाज निघाला तो ताडोबात निघाला असता तर गाइडने आम्हाला गेटबाहेर काढलं असतं.

आणि मग ती खोडं. दगडाची, तरीही लाकडाच्या रेषा जशाच्या तशा. बाबांनी सोप्या शब्दांत सांगितलं ते असं : इथे मोठी नदी होती. झाड पडलं, वाहत आलं, गाळात गाडलं गेलं. हवा लागली नाही म्हणून लवकर कुजलं नाही. पाण्यात विरघळलेली सिलिका, म्हणजे काचेची आणि वाळूची बहीण, हळूहळू लाकडाच्या कणाकणात जाऊन बसली. लाकूड गेलं, आकार राहिला. लेकीने कालच्या सागासारखे दोन्ही हात पसरून एका खोडाला मिठी मारली आणि म्हणाली, ‘हे गार आहे. कालचं गार नव्हतं.’ मी इतकी वर्षं जीवाश्म या शब्दाची व्याख्या शोधत होते, ती मिळाली.

पुतण्याचा प्रश्न मात्र अवघड होता. पिसदुऱ्याचे डायनोसॉर आणि हे, एकाच वेळचे का? नाही. पिसदुऱ्याचे साडेसहा-सात कोटी वर्षांपूर्वीचे. म्हणजे पिसदुऱ्याचा डायनोसॉर काळाच्या हिशेबाने वडधमच्या या झाडांपेक्षा आपल्याला जास्त जवळचा. ही झाडं उभी होती तेव्हा गवत नव्हतं, फुलंही नव्हती. पुतण्या खाली बसला, पायाखालचं सुकलेलं गवत उपटलं आणि बराच वेळ बघत राहिला.

परत फिरायची वेळ

मोठ्यांच्या ट्रेकमध्ये ‘पोहोचायचं कुठे’ हे ठरलेलं असतं. पोरांच्या ट्रेकमध्ये ‘परतायचं कधी’ हे ठरवा. आम्ही सकाळी साडेसातला सुरुवात केली आणि दहा ही परतीची वेळ पक्की केली, मग काहीही राहिलेलं असो. पाच वर्षांच्या पोरीचा एक किलोमीटर आणि तुमच्या हातातल्या फिटनेस बँडचा एक किलोमीटर यांचा काही संबंध नसतो. ती दर वीस पावलांनी मुंगी बघणार. बघू द्या. त्यासाठीच आलोय.

प्रत्येक पोराची पाण्याची बाटली त्याच्या स्वतःच्या पाठीवर, शिवाय मोठ्यांकडे जादा पाणी आणि ओआरएसची पाकिटं. ‘तहान लागली का?’ असं विचारू नका, पोरं खेळात ‘नाही’च म्हणतात. दर वीस मिनिटांनी सगळ्यांनी चार घोट. शिट्टी प्रत्येकाच्या गळ्यात. चपला नाहीत, बंद बूट. दगडाखाली हात घालायचा नाही, विंचू-साप डिसेंबरातही राहायला असतात. आणि सोबत वनविभागाचा माणूस किंवा गावातला माहीतगार घ्याच. आमच्यासोबतचे काका तेलुगू आणि मराठी एकाच वाक्यात बोलायचे. पोरांना ते जास्त कळत होतं.

साडेनऊला पुतणीची चिडचिड सुरू झाली. गाल लाल, बाटली नको, उचलून नको, काहीच नको. पलीकडे अजून खोडं आहेत, काका म्हणत होते. दिराचा पाय निघेना, ‘एवढं साडेतीनशे किलोमीटर आलो, पंधरा मिनिटं तर आहेत.’ आता घड्याळात दहा वाजलेही नव्हते. पण जाऊबाईने पोरीला सावलीत घेतलं, मानेवर ओला रुमाल ठेवला आणि शांतपणे सांगितलं, ‘आपण परत चाललोय.’ ना चर्चा, ना मतदान. ग्रुपमध्ये हा नकाराधिकार कुणा एकाकडे असावा आणि तो निघण्याआधी ठरलेला असावा. आमच्याकडे तो जाऊबाईकडे होता, कारण दोन्ही नाजूक पोरं तिची. अर्ध्या तासात पुतणी ओआरएस पिऊन पुन्हा मुंग्या मोजत होती. पलीकडची खोडं आम्ही पाहिली नाहीत. ती कुठे पळून जात नाहीत.

‘एकच घेऊ?’

गाडीत बसताना लेकीने मूठ उघडली. अंगठ्याएवढा तुकडा. ‘एकच घेऊ? शाळेत दाखवायला?’

खरं सांगू, मन पाघळतं. एवढासा तर तुकडा! पण वनक्षेत्रातून साधा दगडगोटाही परवानगीशिवाय उचलता येत नाही, हा झाला कायदा. कायद्यापलीकडची गोष्ट अशी, की जीवाश्म जागचा हलला की मुका होतो. तो कुठल्या थरात होता, कशाशेजारी होता, कुठल्या दिशेला पडला होता, यावरूनच शास्त्रज्ञ त्याची गोष्ट वाचतात. शोकेसमध्ये ठेवला की उरतो फक्त दगड. आणि येणाऱ्या प्रत्येक घराने ‘एकच’ घेतला तर? आपण गड-किल्ल्यांवर नावं कोरणाऱ्यांना नावं ठेवतो, पण हे त्याहून वाईट, कारण किल्ल्याची डागडुजी तरी होऊ शकते.

तिला रागावले नाही. वहीत त्या तुकड्याचं चित्र काढायला सांगितलं, सुतळीने लांबी मोजून लिहायला सांगितली, मग तिने स्वतःच जाऊन तो उचलल्या जागी ठेवला. चेहरा पडला होता, खोटं कशाला बोलू. शाळेत ती वही गेली. बाईंनी काय म्हटलं ते विचारलं तर म्हणाली, ‘बाईंना वाटलं मी मनाने काढलं.’

राग मलाही आला, पण दुसऱ्याच गोष्टीचा. बारापासॉरसचा उभा सांगाडा बघायचा तर कोलकात्याला जा. याच खडकांतल्या दुसऱ्या डायनोसॉरचा, कोटासॉरसचा सांगाडा हैदराबादच्या बिर्ला सायन्स सेंटरमध्ये आहे. त्याचं नाव ज्या कोटा खडकांवरून पडलं ते कोटा गाव सिरोंच्याजवळ प्राणहितेच्या काठावर, आपल्या महाराष्ट्रात! आणि नागपूरच्या पोरांना फायबरचा टी-रेक्स. असो.

मुंबई-पुणेकरांसाठी

तुम्ही आधी नागपूर आणि मग कार असं करू नका. दिल्ली-चेन्नई लाइनवर बल्लारशाच्या पुढे मंचेरियाल स्टेशन आहे. नागपूरहून रेल्वेने चार-पाच तास. तिथून टॅक्सीने प्राणहिता ओलांडली की सिरोंचा. पोरं ताजीतवानी पोहोचतात, दवाखाना कुठे ते जाता-जाता कळतं आणि आलापल्लीचे सागवान परतीला ठेवता येतात. परतीला वेळ असेल तर मंचेरियालहूनच हैदराबाद गाठा आणि कोटासॉरसला भेटा.

सिरोंच्यात राहण्याची सोय साधी आहे. विश्रामगृहाचं आधी विचारून ठेवा, एसी आणि वायफायची अपेक्षा ठेवू नका. जेवणात तेलंगणाचा तिखट हात आहे, पोरांसाठी दहीभात मागा, हमखास मिळतो. संध्याकाळी गोदावरीवरच्या पुलावर जा. पलीकडे काळेश्वरचं देऊळ, एकाच पीठावर दोन शिवलिंगं असलेलं. इथेच प्राणहिता गोदावरीला मिळते. त्या प्राणहितेत आपली वर्धा आणि आपली वैनगंगा दोघी असतात, हे पोरांना पुलावर उभं राहून सांगा. आमच्या पुतण्याने वहीत नकाशा काढून त्यावर नागपूर कुठे ते दाखवलं, आणि मग बराच वेळ बाबांशी वाद घातला की आपल्या नागनदीचं पाणीही इथवर येत असणार. बाबा म्हणाले, ‘येतं बेटा, म्हणून तर इथे आंघोळ नको.’